‘येतो’ म्हणणारे

हे लिहून ठेवायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. तीन-चारदा सुरुवात केली, दोन ओळी झाल्या की पुसल्या. ‘मी’ लिहिलं की बोटं अडायची. ‘मी असं केलं’ म्हटलं की पुढे लगेच ‘पण’ यायचा, आणि त्या ‘पण’च्या मागे सगळी कारणं रांग लावून उभी. शेवटी ‘मी’ काढला आणि ‘तो’ घातला. त्याने काय केलं ते नुसतं सांगता येतं, सारवासारव करायला लागत नाही. म्हणून ही त्याची गोष्ट.

त्याला सगळे खटपट्या म्हणत. हे नाव आईने ठेवलेलं, खरं नाव ठेवून झाल्यावर बऱ्याच वर्षांनी. त्याने घरातला मिक्सर उघडून साफ केला, परत जोडला, आणि हातात दोन स्क्रू उरले. आईने विचारलं, हे कुठले? तो म्हणाला, उरले म्हणजे नको होते. मिक्सर चालला, नाही असं नाही. फक्त चालताना ओट्यावरून हळूहळू सरकत कडेला जायचा आणि एकाला तो धरून उभं राहायला लागायचं.

पोटापाण्यासाठी खटपट्या झेरॉक्सच्या दुकानात होता. बाकी जे काही येत होतं ते त्याने बघून-बघून, मोडून-मोडून शिकलेलं. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणी अडवलंही नाही. आणि हा माणूस सध्या एक सर्व्हर उघडायच्या मागे लागला होता.

सर्व्हर म्हणजे काय हे शेठना, म्हणजे दुकानाच्या मालकांना, समजावताना त्याच्या नाकी नऊ आले होते. ठोकळे रचून घरं, पूल, बोगदे बांधायचा एक खेळ असतो. एकट्याने खेळता येतो, पण खरी मजा सगळ्यांनी मिळून एकाच जगात खेळण्यात. ते जग कुठल्यातरी मशीनवर सतत चालू ठेवावं लागतं. ते मशीन म्हणजे सर्व्हर. शेठ म्हणाले, “बँकेत गेलं की सर्व्हर बंद पडलाय एवढंच मी आजवर ऐकलं. उघडतोय असं सांगणारा तू पहिला.” पण माणूस दिलदार. दुकानातून बाद झालेला एक जुना कॉम्प्युटर त्यांनी त्याला मागच्या खोलीत ठेवू दिला, कागदाच्या गठ्ठ्यांमागे, टोनरच्या रिकाम्या डब्यांच्या शेजारी. सर्व्हरचं नाव होतं ‘अंगण’. आत सगळं मराठीत. पाट्या मराठीत, हुकूम मराठीत, भांडणंही मराठीत.

हे सगळं एकट्याचं काम नव्हतं. खरं सांगायचं तर अंगणातलं जे डोळ्यांना दिसत होतं ते सगळं गवंड्याचं होतं.

गवंडी म्हणजे त्याचा मित्र. खेळात बांधतो म्हणून गवंडी; एरवी तो एका गोदामात रात्रपाळीला खोकी चढवायचा-उतरवायचा. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. खटपट्याला त्याचा आवाज माहीत होता, आवाजामागे शिट्टी मारणारी किटली माहीत होती, आणि तो बोलायला लागला की थांबत नाही हे माहीत होतं. एका खिडकीची चौकट कुठे घ्यावी यावर तो अर्धा तास बोलू शकायचा, आणि खटपट्या ते ऐकूही शकायचा. याला मैत्री म्हणत नसतील तर कशाला म्हणतात कोण जाणे.

त्यांची ओळख एका जुन्या सर्व्हरवर झाली. तिथे त्यांची सगळ्यांची पहिली घरं होती. वेडीवाकडी, दारं उलटी लावलेली. एके दिवशी त्या सर्व्हरच्या मालकाला कंटाळा आला आणि त्याने न सांगता सगळं पुसून टाकलं. विचारलं तर म्हणाला, खेळच तर होता. त्यानंतर गवंडी कितीतरी दिवस बोललाच नाही, एका खिडकीवर अर्धा तास बोलणारा गवंडी. तेव्हाच खटपट्याने ठरवलं, आपला सर्व्हर काढायचा. त्याचा पहिला नियम त्याने स्वतः लिहिला आणि खेळणाऱ्यांच्या फोनवरच्या ग्रुपच्या माथ्यावर चिकटवून ठेवला: न विचारता कुणाचं काही पाडायचं नाही.

त्या नियमाच्या जिवावर गवंडी परत आला. आणि त्याने अंगणात सगळ्यात आधी बांधला तो बोळ. जुन्या सर्व्हरवरची सगळ्यांची पहिली घरं, एकापुढे एक, निव्वळ आठवणीतून. कुणाच्या घराला जिना बाहेरून होता, कुणी चुकून भिंतीत कोंबडी कोंडली होती, सगळं जसंच्या तसं. मधून पाण्याचा पाट, दोन्हीकडे लुकलुकणारे दिवे. लोकांनी आपापलं घर ओळखलं तेव्हा ग्रुपवर सगळे एकदम बोलायला लागले.

तर आता उद्घाटन. रविवारी दुपारी चार वाजता.

त्या आठवड्यात खटपट्याच्या पायाला भिंगरी लागली होती. फसलेल्या प्रिंटच्या कोऱ्या बाजूवर त्याने पत्रकं छापली आणि वाचनालयाच्या फळ्यावर, बसथांब्यावर, दोन कॉलेजांच्या कॅन्टीनमध्ये लावली. एक छोटा व्हिडिओ केला. त्याला आवाज दिला काकूने. काकू म्हणजे ग्रुपची राखणदार. तिचं वय कुणालाच माहीत नव्हतं. ती सगळ्यांना रागवायची म्हणून काकू. तिच्या आवाजात “या, पण चपला बाहेर काढून या” असं वाक्य होतं, आणि ते फार चाललं. मग तो व्हिडिओ घेऊन खटपट्या दिसेल त्या ग्रुपमध्ये घुसला. सायकलवाल्यांनी हाकललं. भाडेकरूंच्या ग्रुपवर एका आजोबांनी विचारलं, पाण्याचं काय झालं ते आधी सांगा. तरी माणसं येत गेली. अंगणाचा ग्रुप फुगायला लागला, दिवसभर टिंग टिंग टिंग.

त्याला खायचं सुचेना, बसायचं सुचेना. झेरॉक्स काढता काढता एक डोळा फोनवर. एका बाईंच्या भाडेकराराची दोन पानं काढायची होती, त्याने पहिलंच पान दोनदा मारलं. शेठ नुसते खाकरले.

कारण त्याला एक भीती होती. माणसं येणार किती? कमी आली तर अंगण ओकंबोकं दिसेल. जास्त आली तर ते म्हातारं मशीन बसकण मारेल, आणि पहिल्याच दिवशी बंद पडलेल्या जागी दुसऱ्या दिवशी कोणी फिरकत नाही. मग बोळ काय आणि नियम काय. दुसऱ्यांदा सगळं गेलं तर गवंडी तिसऱ्यांदा बांधायचा नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

म्हणून त्याने शिपाई बनवला. शिपाई हा एक छोटासा प्रोग्राम, ग्रुपवर बसून राहणारा. खटपट्याने जाहीर केलं, रविवारी येणार असाल तर फक्त ‘येतो’ किंवा ‘येते’ लिहा, बाकी शिपाई बघेल. कुणी तसं लिहिलं की शिपाई उत्तर द्यायचा: मस्त! वाट बघतोय, जागा धरून ठेवलीये. आणि ग्रुपच्या पाटीवरचा ‘येणारे’ हा आकडा एकाने वाढवायचा.

पहिल्या दिवशी आकडा वाढला, तेव्हा त्याने स्वतःच स्वतःला टाळी दिली. दुसऱ्या दिवशी वाढला, तेव्हा आईला दाखवला. आई घरी शिलाई करायची. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तिने भुवया उडवून कौतुक केलं. शुक्रवारपर्यंत आकडा शंभराच्या बराच पुढे गेला आणि मग त्याला घाम फुटायला लागला. काकूने विचारलं, एवढी माणसं खरंच आहेत का रे? तो म्हणाला, शिपाई मोजतोय, मी नाही.

शनिवारी दुपारी, गिऱ्हाईक विरळ असताना, त्याने चाचणी घेतली. आकडा तेव्हा चारशेवर गेला होता. त्याने चारशे खोटी माणसं तयार केली, नुसते बाहुले, आणि एकदम अंगणात सोडले. मशीनचा पंखा केवढ्याने तरी ओरडायला लागला. पडद्यावर सगळं गोठलं. एक बाहुला हवेत पाय टाकून तसाच राहिला. पुढे दुकानातून शेठ म्हणाले, मागे कोणी दळण टाकलंय का?

त्याने बाहुले काढले आणि शोधलं, वजन कशाचं आहे. सापडलं. वाहणारं पाणी, लुकलुकणारे दिवे, भिंतीतली कोंबडी. बोळ.

गवंड्याला फोन केला. लागला नाही. रात्रपाळीवाला माणूस दुपारी झोपणार नाही तर काय करणार. पुन्हा केला. नाही. खटपट्या त्या खोलीत तीन पावलं पुढे, तीन पावलं मागे. उद्या चार वाजता चारशे माणसं दारात, आणि इथे हवेत लटकलेला बाहुला. शुक्रवारची झेरॉक्स आहेच, त्याने स्वतःला सांगितलं. झेरॉक्स म्हणजे सगळ्या जगाची नक्कल. दर शुक्रवारी तो काढून ठेवायचा आणि दुकानात असल्यामुळे तिला झेरॉक्सच म्हणायचा. उद्घाटन झालं, गर्दी ओसरली की बोळ परत लावता येईल. गवंड्याला कळेल. तो समजून घेईल.

बोळातून एक फेरीसुद्धा त्याने मारली नाही. बोळाची दोन टोकं मोजली, एक हुकूम लिहिला, एंटर मारलं. जिथे घरं होती तिथे सपाट हिरवळ. पुन्हा चारशे बाहुले सोडले. मशीन घुरघुरलं, पण चाललं.

उरलं म्हणजे नको होतं. तसलंच काहीतरी.

रविवारी सकाळी तो उठला तोच फोन हातात घेऊन. पाळीवरून आलेल्या गवंड्याने ग्रुपवर एक ओळ टाकली होती. बोळ दिसला नाही. तिच्याखाली खटपट्याने घाईघाईने भलंमोठं लिहिलं, चारशे माणसं, मशीन, नाइलाज, झेरॉक्स आहे, नंतर लावू, रागावू नकोस. मग गवंड्याची दुसरी ओळ आली.

बरं. येतो.

लगेच शिपाई: मस्त! वाट बघतोय, जागा धरून ठेवलीये. आकडा एकाने वाढला. खटपट्याचा जीव भांड्यात पडला. त्याने त्या ओळीला अंगठा दिला आणि तोंड धुवायला गेला.

काकूचा मात्र फोन आला. गवंडी नुसतं ‘बरं’ म्हणाला? आपला गवंडी? खटपट्या म्हणाला, दमला असेल, येतो म्हणालाय ना, मग झालं तर. काकूने फोन ठेवला. सगळ्यांना रागवणाऱ्या काकूने न रागवता फोन ठेवला हेही त्याच्या लक्षात यायला हवं होतं, पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात आकड्याशिवाय काही शिरायला जागाच नव्हती.

दुपारी त्याने शर्ट बदलला. खेळात शर्ट दिसत नाही, तरी बदलला. रविवारी दुकान बंद, पण शेठनी किल्ली दिली होती. मशीनजवळ बसून उद्घाटन करायचं. घरात तो इकडून तिकडे, तिकडून इकडे.

“बस की रे जरा,” आई म्हणाली. “चालून चालून फरशीला वाट पडेल.”

तो बसला, उठला, चार्जर घेतला, ठेवला, परत घेतला. मग दार उघडून रोजच्यासारखं म्हणाला, “आई, येतो गं.”

“ये,” आई टाचण्यांमधून म्हणाली. मग टाचण्या काढून तिने विचारलं, “कधी?”

“काय कधी?”

“येतो म्हणालास ना? निघालायस तर परत कधी येणार ते विचारतेय.”

खटपट्याचा एक पाय दाराबाहेर आणि एक आत. तो तसाच राहिला, कालच्या बाहुल्यासारखा.

निघालेला माणूस ‘जातो’ म्हणत नाही. तो स्वतः आयुष्यात कधी म्हणाला नव्हता. कोणीच म्हणत नाही. सगळे ‘येतो’ म्हणतात, आणि जातात.

तो जिन्यात पायरीवरच बसला आणि ग्रुप वर वर सरकवायला लागला. जसजसा वर गेला तसतसं तोंडचं पाणी पळालं. ‘आई हाक मारतेय, येतो.’ शिपाई: मस्त! ‘उद्या परीक्षा आहे, येते.’ मस्त! ‘चुकून या ग्रुपात आलो, क्षमस्व, येतो.’ मस्त! वाट बघतोय. एक जण रोज निघताना इमानाने येतो म्हणायचा. शिपायाने त्याला रोज नवा माणूस म्हणून धरलं होतं. ‘तू कुठून येतोस रे?’ हा मोजलेला. ‘इथे फार कंटाळा येतो’ हाही. आणि एकाने लिहिलं होतं, ‘या शिपायाचा आता राग येतो.’ त्यालाही जागा धरून ठेवलीये.

चारशे माणसं नव्हतीच. चारशे वेळा कोणीतरी निघालं होतं, कंटाळलं होतं, नाहीतर वैतागलं होतं. त्यांच्यासाठी त्याने बोळ पाडला.

आणि परत खाली येताना, आज सकाळचं: बरं. येतो. त्याच्याखाली शिपाई. त्याच्याखाली त्याचा अंगठा. आणि अंगठ्याच्या खाली बारीक करड्या अक्षरांत एक ओळ, जी त्याने सकाळी बघितलीच नव्हती. गवंडी ग्रुप सोडून गेला.

दुकानापर्यंत तो सायकलवर गेला की पळत, हे त्याला नंतर आठवेना. वाटेत फोन लावत होता. वाजत होता, उचलत नव्हतं कोणी. शटर अर्धं वर करून तो वाकून आत शिरला, मागच्या खोलीत बसला आणि काकूला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं.

काकू म्हणाली, “‘कंटाळा येतो’ त्यालाही मस्त म्हणायचा तो शिपाई, मला वाटलं तू मुद्दाम गंमत ठेवलीयेस. सगळे हसत होते रे.”

“मी नव्हतो हसत. मी मोजत होतो.”

“मग आता?”

आता चार वाजत आले होते. शुक्रवारची झेरॉक्स होती, पण ती लावायची तर सर्व्हर बंद करून जुनं जग परत चढवायला हवं होतं, आणि त्या म्हाताऱ्या मशीनला त्यात तास तरी लागणार. म्हणजे उद्घाटन चुकणार. आठवडाभर त्याने जिवाचं रान केलं होतं ते या चार वाजण्यासाठी. पत्रकं, व्हिडिओ, सायकलवाल्यांच्या शिव्या. जी काही थोडी खरी माणसं येणार ती चारला येणार, दार बंद बघणार आणि निघून जाणार.

काकू म्हणाली, आधी उघड, बोळ संध्याकाळी लाव, कोणाला कळणार आहे. तिचं चूक नव्हतं. कालपर्यंत तोही हेच म्हणत होता.

त्याने सर्व्हर बंद केला. मग शिपायाला बंद केलं. आणि ग्रुपवर स्वतः लिहिलं, एका झटक्यात, चुका न तपासता: अंगण आज चारला उघडत नाही. बोळ मी पाडला, गवंड्याला न विचारता. पहिला नियम मीच लिहिला होता आणि मीच मोडला. कारण सांगत नाही, कारण ते ऐकण्यासारखं नाही. बोळ परत चढतोय. चढला की उघडेन. ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबा.

उत्तरं आली. एकाने लिहिलं, सुरुवातच अशी? एकाने नुसतं हसणारं तोंड टाकलं. मग एक एक करून, येतो, येतो, येते. या खेपेला शिपाई गप्प होता, त्यामुळे खटपट्याने प्रत्येकाला हाताने लिहिलं: बरं, जमलं तर परत या. बोटं दुखायला लागली तरी लिहीत होता. पडद्यावर हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. तो उठायचा, कागदाचे गठ्ठे सरळ करायचा, ते आधीच सरळ असायचे, परत बसायचा. गवंड्याला फोन. वाजतोय. शटरखालून येणारी उन्हाची पट्टी फरशीवरून हळूहळू भिंतीला लागली.

अंगण उघडलं तेव्हा पाच वाजून गेले होते. कुठलंही भाषण नाही, व्हिडिओ नाही. त्याने फक्त लिहिलं, उघडलं. आणि वाट बघत बसला.

आली माणसं. तीसेक असतील. बहुतेक जुनी, आणि मूठभर अगदी नवी, बसथांब्यावरचं पत्रक वाचून आलेली. मशीनला काहीच झालं नाही. पंखासुद्धा निवांत फिरत होता. बोळ, पाट, दिवे, कोंबडी, सगळं जागेवर, आणि मशीन ते असं वाहत होतं जणू काही वजनच नाही. खटपट्याला मशीनला एक लाथ घालावीशी वाटली. मग वाटलं, त्याचं काय चुकलं.

काकू दाराशी उभी राहून नव्यांना ओरडत होती, चपला बाहेर. नवी माणसं हसत होती. कोणीतरी पाटात पडलं. छान चाललं होतं म्हणजे, बघणाऱ्याला वाटलं असतं.

मग पडद्याच्या कोपऱ्यात दोन शब्द उमटले. गवंडी आला.

तो दाराशी थांबला नाही. कुणाशी बोलला नाही. सरळ बोळात शिरला, एकेक घर मागे टाकत शेवटापर्यंत गेला आणि जिथे बोळ संपून हिरवळ लागते तिथे उभा राहिला. खटपट्या मागोमाग गेला. खेळात पाय दुखत नाहीत, तरी त्याला ते अंतर लांब वाटलं. त्याने आवाजाचं बटण दाबलं. पलीकडून किटलीची शिट्टी आली. म्हणजे ऐकत होता.

“काकूने पाठवलं,” गवंडी शेवटी म्हणाला. “तू लिहिलेलं.”

“अच्छा.”

“कारण सांगत नाही म्हणालास. मला सांग.”

खटपट्याने सांगितलं. परीक्षा असलेली मुलगी, चुकून आलेला माणूस, कंटाळा येतो, राग येतो. मध्येच पलीकडून नाकातून हसल्यासारखा आवाज आला, पण तो लगेच दाबला गेला.

“मी येतो म्हणालो,” गवंडी म्हणाला, “तर तुझा तो शिपाई म्हणतो जागा धरून ठेवलीये. आणि तू अंगठा दिलास.”

“मला वाटलं तू येतोयस.”

“इतकी वर्षं रोज येतो म्हणूनच जातो की रे मी. कधी जातो म्हणालो?”

गवंडी अजून त्या मोकळ्या हिरवळीकडेच तोंड करून उभा होता. खटपट्याला ते खटकलं. बोळ पूर्ण होता. झेरॉक्स पूर्ण होती. शुक्रवारची.

“इथे काही होतं का?” त्याने विचारलं.

“होतं.”

“शुक्रवारनंतर बांधलंस?”

“काल सकाळी. पाळीवरून आल्यावर. उद्घाटनाला दाखवायचं होतं.”

“कोणाचं घर?”

खटपट्या मनातल्या मनात बोळातली घरं मोजून गेला. सगळ्यांची होती. काकूचं होतं. त्या रोज येतो म्हणणाऱ्याचं होतं. एकाचंच नव्हतं, आणि ते नाही हे आजवर त्याच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण स्वतःचं घर शोधायला तो बोळात कधी गेलाच नव्हता. सतत काहीतरी जोडत होता.

“ते पहिलं?” तो म्हणाला. “छपराला भोक असलेलं?”

“भोकासकट. पाऊस आत यायचा आणि तू म्हणायचास, उरलेली जागा आहे, नको होती.” गवंड्याचा आवाज जरा सैल झाला. “अख्खी सकाळ गेली. मला वाकडं बांधता येत नाही, माहितीये ना. भिंत मुद्दाम वाकडी घ्यायची, तर हात आपोआप सरळ करतो. चार वेळा पाडून परत चुकीची बांधली.”

खटपट्याने काल दुपारी बोळातून एक फेरी मारली असती तर ते दिसलं असतं. त्याने दोन टोकं मोजली होती. दुसरं टोक त्याचंच घर होतं, आणि त्याने ते एक आकडा म्हणून वाचलं होतं. आता ते कुठल्याच झेरॉक्समध्ये नव्हतं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. पुढे ‘पण’ आला नाही. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मागे कोणीतरी पुन्हा पाटात पडलं. काकू ओरडली. एक नवा खेळाडू बोळाच्या तोंडाशी येऊन घरांवरच्या पाट्या वाचत उभा होता.

“ते घर मी बांधतो,” खटपट्या म्हणाला. “मला वाकडं आपोआप येतं. तू फक्त सांग, भोक कुठे होतं.”

“डाव्या बाजूला. तुझ्या डाव्या. माझ्या नाही.” आणि मग गवंडी बोलायला लागला. छप्पर किती उतरतं होतं, दार कोणत्या अंगाला झुकलं होतं, खिडकी खिडकी नव्हतीच, चुकून राहिलेली फट होती. बराच वेळ बोलला. खटपट्या ऐकत होता. किटली कधीच शिट्टी मारून थंड झाली असेल.

शेवटी तो थांबला. पाळीची वेळ झाली होती, त्याला आवरायचं होतं.

“चल,” गवंडी म्हणाला. “येतो.”

“कधी?”



“पाळी सुटली की,” गवंडी म्हणाला. “सकाळी.”

“ये. तोवर मी डावी भिंत उभी करून ठेवतो, वाकडी. आणि ऐक. यापुढे तू येतो म्हणालास, की कधी ते मी विचारेन. ग्रुपवर तीस माणसं असू देत नाहीतर तीन हजार, विचारणार मीच. शब्द देतो.”